अग्निशमन दलातून निवृत्त होण्याआधी

निवृत्तीला दोन वर्षं उरली की कामाला लागा. शेवटच्या सहा महिन्यांवर ठेवलंत तर पेन्शन केस टेबलाटेबलावर फिरत राहील. आधार, पॅन, पासबुक, पत्नीबरोबरचा फोटो हे वेगळं सांगत नाही.

पहिलं काम: सेवापुस्तक मागवा आणि वर्दीवर, म्हणजे आगीच्या कॉलवर, झालेल्या प्रत्येक दुखापतीची नोंद त्यात आहे का बघा. मी बघितली नव्हती. हात भाजला होता, धुराने गुदमरून दवाखान्यात ठेवलं होतं, अख्ख्या स्टेशनला ठाऊक होतं. पुस्तकात एक ओळ नाही. ज्यांना ठाऊक होतं ते बदलून गेले किंवा निवृत्त झाले, आणि कारकुनाला कागद लागतो. म्हणून वर्दीच्या नोंदवहीतला उतारा, डिस्चार्ज कार्ड आणि रजेचा आदेश यांच्या साक्षांकित प्रती जोडून अर्ज द्या. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. तोंडी ‘करतो’ यावर उठू नका.

हे फक्त जुन्या जखमांसाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये आग विझवण्याचं काम कर्करोगकारक ठरवलं, पहिल्या गटात, म्हणजे खात्रीने कर्करोग करणाऱ्यांत. मूत्राशयाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (बहुतेकदा फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) यांचे पुरावे तिथे पुरेसे मानले गेले. हे आजार वर्षानुवर्षांनी उठतात, तेव्हा तुम्ही गणवेशात नसता. बी.ए. सेट (पाठीवरचं श्वासाचं यंत्र) न लावता धुरात शिरलेल्या जुन्या लोकांनी तर अजिबात टाळू नये. निवृत्तीआधी छातीचा एक्स-रे, फुफ्फुसांची क्षमता आणि ऐकण्याची तपासणी करून घ्या, अहवाल त्याच फाइलीत ठेवा. दुखापतीची नोंद, पुन्हा सांगतो, नोकरीत असतानाच.

आता नावं. पत्नीचं नाव सेवापुस्तकात माहेरचं आणि आधारवर सासरचं असेल तर आत्ताच दुरुस्त करा. नाहीतर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी तिला एकटीला हेलपाटे घालावे लागतील, तेही दुःखात. दिव्यांग मूल असेल तर प्रमाणपत्रासह त्याची नोंद हवीच. ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी आणि गटविमा यांची नामनिर्देशनं वेगवेगळी असतात. लग्नाआधी भरलेली तशीच पडलेली असतात.

पैशांचं थोडक्यात. अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत रोखीत मिळते. पेन्शनच्या ४० टक्क्यांपर्यंत अंशराशीकरण करता येतं, म्हणजे तेवढा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात; अर्ज निवृत्तीपासून वर्षाच्या आत द्या, नंतर वैद्यकीय तपासणी मागे लागते. विकलेला भाग १५ वर्षांनी पूर्ववत होतो. राज्य सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना नवी पेन्शन योजना आहे. महापालिकांच्या तारखा वेगळ्या, आस्थापनेत विचारा. क्वार्टर मुदतीत सोडा आणि ना-देय दाखला घ्या, त्यावाचून ग्रॅच्युइटी अडकते.

आणि दुखापतीच्या नोंदीचं पान? सही-शिक्क्यासह झेरॉक्स घेतल्याशिवाय सेवापुस्तक परत देऊ नका.

नंतरचं सोपं: दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला, मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. सत्तरीला आयुष्मान कार्ड, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही. एसटीत ६५ पासून अर्धं तिकीट, ७५ नंतर मोफत. फाइल कुठे आहे ते घरात दोघांना तरी माहीत असू द्या.