लग्नपत्रिकेचा हस्ताक्षरी फॉन्ट: आधी 'बर्डी' आणि 'वऱ्हाडी' लिहून पाहा

हस्ताक्षरी वळणाचा फॉन्ट खुलतो तो वधूवरांच्या नावांत आणि 'शुभविवाह' या शब्दात. मुहूर्त, स्थळ, निमंत्रकांची नावे साध्या, सरळ फॉन्टमध्येच ठेवा. अख्खी पत्रिका वळणदार केली की घरातल्या वडीलधाऱ्यांना वेळसुद्धा वाचता येत नाही.

१. फॉन्ट युनिकोडच (सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेताचा) घ्या. 'कलम' आणि 'अमिता' मोफत मिळतात आणि छपाईच्या धंद्यातही चालतात. 'कलम' रोजच्या हस्ताक्षरासारखा मोकळा, 'अमिता' जास्त लपेटदार. लग्नाला आम्ही 'अमिता'च सुचवू. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर फॉन्ट बदलताच अगम्य होतो.

२. नमुन्यातल्या 'अ आ इ'वर जाऊ नका. पत्रिकेत येणारेच शब्द ३६ पॉइंटमध्ये लिहा: सीताबर्डी, वर्धा रोड (हे नागपूरचे पत्ते), वऱ्हाडी, ज्येष्ठ, चि. सौ. कां. 'बर्डी'च्या 'र्डी'त रफार आणि दुसरी वेलांटी एकाच जागी येतात. फॉन्ट कच्चा असेल तर तिथे नुसता डाग दिसतो. 'वऱ्हाडी'त चंद्रकोरीसारखा अर्धा र हवा. साधा र टाइप केला तर कुठल्याही फॉन्टमध्ये 'वर्हाडी'च उमटेल. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट आणि जे दाबून 'ऱ' घ्या, मग हलन्त, मग ह. तरीही रफार आला किंवा पाय मोडलेला दिसला, तर तो फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का, तेही बघा. काही फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी अशी दोन्ही रूपे असतात. मजकुराची भाषा 'मराठी' केली की आपली येतात.

३. ५ बाय ७ इंची पत्रिकेवर नावे ३० ते ३६ पॉइंट, बाकी मजकूर १२-१३. दोन ओळींतले अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा, नाहीतर 'नागपूर'मधला ऊकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत घुसतो. अक्षरांमधले अंतर मात्र शून्यच. ते वाढवले की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या मण्यांसारखा दिसतो.

४. छपाईला देण्याआधी फाइलची एक प्रत बाजूला ठेवून दुसरीतली अक्षरे कर्व्हमध्ये (फॉन्टशिवाय दिसणाऱ्या आकारांत) बदला. शिरोरेषेचे तुकडे एकमेकांवर किंचित चढलेले असतात. नुसती बाह्यरेषा दिली किंवा लेझर कटिंगला पाठवले, तर प्रत्येक सांध्यावर चीर दिसते. म्हणून कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये आधी वेल्ड करा, म्हणजे तुकडे जोडून एकसंध करा. सोनेरी फॉइलसाठी सर्वांत बारीक रेघ पाव मिलिमीटरपेक्षा कमी नको, तिथे फॉइल तुटते. गडद रंगावर पांढरी अक्षरे असतील तर ठळक (बोल्ड) अक्षर घ्या. शाई पसरून बारीक रेघा बुजतात.

५. नागपुरात महाल, इतवारी, बर्डी, छपाई कुठेही करा, पण त्याच कागदावर खऱ्या मापाचा एक नमुना काढून घ्या. तो हातभर अंतरावर धरून घरातल्या ज्येष्ठांकडून नावे मोठ्याने वाचून घ्या. जिथे ते अडखळतील, तेवढाच शब्द साध्या फॉन्टमध्ये करा.