स्वाईप मशीन घेऊ की नको? मालवण पट्ट्यातल्या एसी मेकॅनिकचा अनुभव

आयटीआयला फ्रीज-एसीचा दोन वर्षांचा ट्रेड करून बाहेर पडलेली पोरं हल्ली फोन करून हेच विचारतात, दादा, कार्डाचं मशीन घेऊ काय? मी मालवण, तारकर्ली, देवबाग ह्या पट्ट्यात कामं करतो. दुकान नाही, बाईक आणि मागे बांधलेला गॅसचा सिलिंडर एवढाच पसारा, त्यामुळे जे लिहितोय ते फिरत्या कारागिरासाठी, किराणावाल्याला ह्यातलं अर्धं लागू नाही.

चारशे-पाचशेच्या बिलाला मशीन लागतच नाही. लोक स्कॅन करतात आणि विषय संपतो, शिवाय १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर आपल्याकडून कमिशन कापत नाहीत. मशीनची आठवण येते मोठ्या बिलाला. माझं झालं असं की नाताळच्या आधीचा आठवडा, देवबागला एका होमस्टेचे तीन एसी, खाऱ्या वाऱ्याने कॉइल पार खाल्लेल्या, एकाचा बोर्ड गेलेला, बिल झालं ११,४०० आणि नेमका मालकाच्या बँकेचा सर्व्हर बंद. तो बिचारा म्हणतोय क्रेडिट कार्ड घे, बुकिंगचे पैसे यायचेत अजून, आणि मी नुसता उभा. पैसे आले वीस दिवसांनी, तोवर कुडाळच्या स्पेअरवाल्याचा रोज फोन!

मग घेतलं मशीन. एजंट घरी येऊन फुकट आहे सांगून गेला आणि तीन महिन्यांनी खात्यातून भाडं कापायला सुरुवात झाली. कागद बघितला तर बारीक अक्षरात लिहिलेलं होतंच, मीच वाचलं नव्हतं. तेव्हा सही करायच्या आधी लेखी मागा की भाडं कधीपासून, महिन्याला अमुक एवढा धंदा झालाच पाहिजे अशी अट आहे का, मशीन परत दिलं तर किती कापणार आणि क्रेडिट कार्डाच्या कमिशनचा दर किती. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. रुपे सोडून बाकीच्या डेबिट कार्डांच्या दराला रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातली आहे, वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, आणि एका व्यवहाराला २०० रुपयांच्या वर नाही. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, तिथे जो तो आपला दर लावतो. माझा १.८ टक्के आहे. म्हणजे १२,००० च्या बिलावर २१६, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून साधारण २५५ गेले. हेच डेबिटला जीएसटीसकट ५७ च्या आत. गिऱ्हाईकाला "कार्ड असेल तर दोन टक्के जास्त" असं सांगू नका, डेबिटला तर ते नियमातच बसत नाही आणि माणूसही तुटतो. मी सर्व्हिसिंगचा रेटच थोडा वाढवला, कोणी विचारलंसुद्धा नाही.

आता रेंज. हे मशीनवाले शहरात बसून सांगतात कुठेही चालतं, त्यांना म्हणावं देवबागला या. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे कर्ली नदी, मध्ये माडांच्या बागा आणि घरं जाड चिऱ्याच्या भिंतींची. मशीनमधलं सिम कुठल्या कंपनीचं ते आधी बघा, तुमच्या भागात ती चालत नसेल तर बदलून मागा, नाहीतर फोनच्या हॉटस्पॉटवर चालणारं घ्या. आणि मशीन घेऊन सरळ खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात या. मी एकदा माजघरात उभा राहून एका काकींचं कार्ड घातलं, मशीन फिरत राहिलं, स्लिप नाही काही नाही, आणि काकी फोन दाखवतायत, "झिला, माझे पैसे गेले, मगे तुका कशे गावले नाय?" मला वाटलं त्यांना वाटतंय मी फसवतोय. अशा वेळी परत कार्ड मारू नका. पैसे कटले आणि आपल्याला कन्फर्मेशन आलं नाही, तर बँकेने पाच दिवसांत आपोआप परत द्यायचे असा नियम आहे, त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई. काकींचे चौथ्या दिवशी परत आले आणि त्यांनी बोलावून रोख दिले, वर सोलकढी.

पैसे त्याच दिवशी मिळतात असं धरून चालू नका. कार्डाचे साधारण दुसऱ्या कामाच्या दिवशी येतात, आणि आपला सीझन म्हणजे शनिवार-रविवार आणि सुट्ट्या, म्हणजे नेमकी बँक बंद. शुक्रवारी रात्रीचं बिल मला सोमवारी दिसलंय. स्पेअरवाला तोपर्यंत थांबत नाही, म्हणून गॅस आणि कपॅसिटरपुरते पैसे बाजूला ठेवायचे. रक्कम चुकून जास्त पडली तर त्या दिवसाचा हिशोब बंद व्हायच्या आधी मशीनवरच रद्द करा, नंतर रिफंडच्या रांगेत लागलात की गिऱ्हाईक आठवडाभर तुम्हालाच फोन करणार.

५,००० पर्यंत कार्ड नुसतं टेकवून पिनशिवाय जातं, त्याच्या वर पिन लागतो. आपल्याकडची म्हातारी माणसं पिन मोठ्याने सांगतात, अगदी शेजाऱ्याला ऐकू जाईल असा, त्यांच्या हातात मशीन देऊन आपण तोंड फिरवायचं. स्क्रीनशॉट बघून शिडी उचलायची नाही, स्वतःच्या फोनवर मेसेज आला तरच. आणि पैसे घ्यायला आपला पिन कधीच लागत नाही, कोणी मागितला तर फोन ठेवा, गेलेच पैसे तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या नंबरला कळवा.

करवाल्यांच्या भीतीने मशीन टाळणारे पण आहेत. छोट्या धंद्याला अंदाजे नफा धरून कर भरायची जी सोय आहे, तिच्यात रोखीच्या उलाढालीवर ८ टक्के नफा धरतात आणि बँकेतून आलेल्यावर ६. म्हणजे उलट फायदाच.

मला खरा चावला तो पावसाळा. जून ते सप्टेंबर टुरिस्ट नाही, होमस्टे बंद, वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरपण जातो, पण भाडं मात्र दर महिन्याला कापलं जातं. दुसऱ्या पावसाळ्यात मशीन परत केलं, तोपर्यंत चार्जिंगच्या पिनेला एसीच्या बोर्डासारखाच हिरवा गंज चढला होता. आता एनएफसीवाला फोन घेतलाय, कार्ड त्याच्या पाठीलाच टेकवायचं, भाडं नाही. फक्त गणपतीला आलेले चाकरमानी लगेच टेकवतात, आणि गावातले फोन उलटासुलटा करून बघतात आणि विचारतात, मशीन खंय रे तुझा?