मुंबईत फॅमिलीला घेऊन राहायचंय? हॉटेलचा एरिया निवडताना या चुका टाळा

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही पाचजण, म्हणजे आम्ही दोघं, दोन पोरं आणि आई, कोल्हापूरहून मुंबईला गेलो आणि हॉटेल घेतलं अंधेरीत, का तर स्वस्त होतं आणि फोटोत बाथरूम चकाचक दिसत होतं. बघायचं काय होतं तर गेटवे, म्युझियम, राणीबाग, म्हणजे सगळं दुसऱ्या टोकाला. सकाळी जाताना उत्साहात काही वाटलं नाही, पण संध्याकाळी साडेसहाला चर्चगेटला एक पोरगं खांद्यावर झोपलेलं, आईचे गुडघे बोलायला लागलेले आणि समोर विरार फास्ट, म्हणजे अंधेरीच्याही बरंच पुढं विरारला जाणाऱ्यांनी भरलेली लोकल उभी. त्यात अंधेरीला उतरायचं म्हणून चढणाऱ्याकडं लोक कसं बघतात ते ज्याला माहितीय त्याला माहितीय.

तर पहिली चूक हीच, हॉटेलवरून जायचं कसं ते बघितलं, परत यायचं कसं ते बघितलंच नाही. मुंबई उभी पसरलीय, सकाळी सगळी गर्दी खाली, म्हणजे दक्षिणेला फोर्ट-चर्चगेटकडं येते आणि संध्याकाळी तीच वर जाते. तुम्ही खाली राहिलात तर बरंचसं टॅक्सीनं होतं आणि ट्रेन पकडलीत तरी गर्दीच्या उलट जाता, वर राहिलात तर दोन्ही वेळा गर्दीसोबत. बुक करायच्या आधी मॅपवर निघायची वेळ संध्याकाळी 7 टाकून बघा, नुसते किलोमीटर बघू नका.

"मामा ठाण्यात राहतात, तिकडंच स्वस्तात हॉटेल घेऊ" हा पण एक प्रकार आहे. देशातली पहिली पॅसेंजर गाडी 1853 साली बोरीबंदर (आताचं सीएसएमटी) ते ठाणे धावली तेव्हा ते अंतर 34 किलोमीटर होतं, ते काही कमी झालेलं नाही 😄 मामांना एक दिवस भेटून या.

हॉटेलच्या नावापुढं "अंधेरी" लिहिलंय म्हणून ते स्टेशनजवळ आहे असं धरू नका. आमचं निघालं साकीनाक्याकडं, स्टेशनपासून रिक्षाच करावी लागायची. ईस्ट की वेस्ट तेही बघा, मधे रुळ असतात आणि बॅगा घेऊन पूल चढायचा म्हणजे काय ते अनुभवल्याशिवाय कळत नाही.

रिक्षावरून आठवलं. बांद्रा आणि सायनच्या खाली रिक्षा नाहीतच, तिकडं काळीपिवळी. तीत चारच जण बसतात, म्हणजे पाचजणांची फॅमिली असेल तर दोन टॅक्सी किंवा ॲपवरून मोठी गाडी. रोज चार फेऱ्या धरल्या तर "स्वस्त हॉटेल" कुठं गेलं ते हिशोब करून बघा.

मग राहायचं कुठं? माझं मत दादर. वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्ही लाईन तिथं भेटतात, आणि रविवारी एका लाईनवर मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकल बंद) असला तर दुसरी पकडता येते, वीकेंडला जाणाऱ्यांनी हे लक्षातच ठेवायचं. आता मेट्रो 3 पण आहे, ऑक्टोबर 2025 पासून ती आरे ते कफ परेड पूर्ण सुरू झालीय, सिद्धिविनायक, सायन्स सेंटर, सीएसएमटी सगळीकडं स्टेशन आहे आणि आईसारख्यांना लिफ्ट मिळते. राणीबागेला सेंट्रल लाईननं भायखळ्यात उतरायचं (बुधवारी बंद असते, पोरांना आधी सांगून ठेवू नका). शिवाय थालीपीठ, साबुदाणा वडा, पियूष, आईचं जेवणाचं टेन्शन नाही. फक्त स्टेशनला चिकटून असलेलं लॉज घेऊ नका, फुलमार्केट पहाटेच जागं होतं. पावसाळ्यात हिंदमाताच्या बाजूला नको, पाणी भरतं. आणि 6 डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीला लाखो लोक येतात, तेव्हा रूम मिळेल असं गृहीत धरू नका.

फोर्ट-कुलाबा महाग, पण दोनच दिवस असतील तर परवडतं. त्यातल्या त्यात कुलाबा, कारण फोर्ट ऑफिसचा एरिया, रविवारी बरीचशी खाण्याची हॉटेलं बंद आणि पोरं भुकेली.

आणखी एक, कोल्हापूरहून येणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी सीएसएमटीला पोचते आणि चेक-इन दुपारी 12 किंवा 2 ला. आधी फोन करून बॅगा ठेवून घेतील का विचारा, नाहीतर स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा, बॅगेला कुलूप लागतं, ते घरूनच न्या.

आता चुकीच्या एरियात बुकिंग झालंच असेल आणि कॅन्सल होत नसेल तर घाबरू नका. अंधेरीकडं असाल तर एक दिवस बोरिवलीचं नॅशनल पार्क आणि कान्हेरी लेणी करा (सोमवार सोडून). खाली गेलात की संध्याकाळी घाई न करता मरीन ड्राइव्हवर साडेआठपर्यंत बसा, मग चर्चगेटहूनच सुटणारी स्लो लोकल घ्या, अंधेरी लोकल असेल तर उत्तमच. मरोळ नाका किंवा एमआयडीसीजवळ राहत असाल तर सरळ मेट्रो. आणि गर्दीला घाबरून आईला एकटीला लेडीज डब्यात चढवू नका, आमची सांताक्रूझलाच उतरली होती.