अठरा पूर्ण झाल्यावर: बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांना इंदुरात घर आणि आधार कसा मिळवून द्यावा

राजेंद्रनगरमधल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत आतापर्यंत तीन मुली राहून गेल्या. तिघीही बालगृहात वाढलेल्या, १८ पूर्ण होताच बाहेर पडलेल्या. पहिलीच्या वेळी मला काहीच ठाऊक नव्हतं. कायद्यात तिच्यासाठी सोय आहे हे कळेपर्यंत चार महिने गेले, आणि तोवर ती शिक्षण सोडून एका दुकानात कामाला लागली होती. पुढच्या दोघींच्या वेळी आम्ही वर्षभर आधी हालचाल केली, आणि दोघी शिकल्या. तुम्ही एखाद्या बालगृहात शिकवायला जात असाल, ओळखीत असं मूल असेल किंवा घरात एक खोली रिकामी असेल, तर पुढची कामं याच क्रमानं करा.

सतराव्या वर्षीच विचारायला लागा

बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४६ प्रमाणे, १८ पूर्ण करून संस्था सोडणाऱ्या मुलाला समाजात स्थिरावण्यासाठी आर्थिक मदत ‘दिली जाऊ शकते’. हे शब्द नीट वाचा. मदत आपोआप खात्यात येत नाही, त्यासाठी कुणीतरी मागे लागावं लागतं. २०१६ च्या नियमांप्रमाणे ही मदत वयाच्या २१ वर्षांपर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत २३ पर्यंत मिळू शकते. सरकारी कार्यालयात तिला ‘आफ्टर केअर’च म्हणतात, तोच शब्द वापरा.

संस्थेतल्या प्रत्येक मुलाची एक वैयक्तिक देखभाल योजना असते, फॉर्म ७ मध्ये भरलेली. बाहेर पडल्यावर मूल कुठे राहणार, काय शिकणार, हे त्यात यायला हवं. ती फाइल तुम्हाला दाखवणार नाहीत आणि ते योग्यच आहे. पण मूल स्वतः अधीक्षकांना विचारू शकतं: माझ्या योजनेत पुढचं काय लिहिलंय? स्वतःबद्दलच्या निर्णयात बोलण्याचा हक्क त्याला कायद्यानंच दिलाय. प्रश्न त्यानंच विचारावा, तुम्ही फक्त सोबत जा. आणि त्याआधी एकदा निवांत बसून त्याला काय करायचंय ते ऐकून घ्या. आमच्या दुसऱ्या मुलीसाठी सगळ्यांनी शिवणकाम ठरवून टाकलं होतं. तिला नर्सिंग करायचं होतं, पण तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं.

कागदांची एक फाइल करा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून सविस्तर सांगते.

जन्मतारखेचा पुरावा, आधार, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, ‘मूल निवासी’ म्हणजे रहिवासाचं प्रमाणपत्र, लागू असेल तर जातीचं प्रमाणपत्र, बाल कल्याण समितीचा आदेश, आणि संस्थेत कधीपासून कधीपर्यंत राहिलं याचा सहीशिक्क्याचा दाखला. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढा आणि मूळ प्रती मुलाच्याच ताब्यात असू द्या.

मग सगळ्या कागदांवरचं नाव शेजारी शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवा. आई-वडिलांच्या नावाचा रकाना तर हमखास वेगवेगळा निघतो. कुठे रिकामा, कुठे संस्थेच्या अधीक्षकांचं नाव, कुठे भलतंच काही. दुरुस्तीला महिने लागतात. मूल संस्थेत असताना ती संस्थेच्या पत्रावर होऊन जाते, बाहेर पडल्यावर त्याच्यासाठी पत्र लिहिणारं कुणी नसतं.

आधारला कुणाचा मोबाइल जोडलाय ते बघा. आमच्या पहिल्या मुलीच्या आधारला तिच्या बालगृहातून नोकरी सोडून गेलेल्या एका ताईंचा नंबर होता. प्रत्येक ओटीपी त्यांच्याकडे जायचा, आणि त्यांनी नंबर बदलल्यावर तर कुठेच जाईना. मुलाच्या स्वतःच्या नावाचं सिम घेऊन पहिल्यांदा तो नंबर जोडा. वयाच्या १५ व्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्यानं करावी लागते, ती राहिली असेल तर त्याच फेरीत उरका.

समग्र आयडी म्हणजे राज्य सरकारच्या नोंदणीतला रहिवाशाचा क्रमांक; त्याच्याशिवाय मध्य प्रदेशात कुठलाच अर्ज पुढे सरकत नाही. सदस्याचा आयडी ९ अंकी असतो. तो आहे का, त्यातलं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, हे नगर निगमच्या झोन कार्यालयात जाऊन तपासा.

बँकेचं खातं अज्ञान (१८ वर्षांखालचं) म्हणून उघडलेलं असेल, तर १८ पूर्ण होताच नवी केवायसी आणि नवी सही द्यावी लागते. ती दिली नाही तर खात्याचे व्यवहार अडतात, नेमके पहिला हप्ता यायच्या वेळी.

अर्ज कुठे आणि कशाचा

महिला व बाल विकास विभागाच्या अखत्यारीत प्रत्येक जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष असतो. इंदुरात पाटीवर ‘जिला बाल संरक्षण इकाई’ असं दिसेल. तिथे दोन वाटा आहेत.

एक केंद्राची, मिशन वात्सल्य. त्यात आफ्टर केअरसाठी महिन्याला ४००० रुपये.

दुसरी राज्याची, २०२२ ची मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजना. ही नीट समजून घ्या, कारण रक्कम मूल काय शिकतंय यावर ठरते. एखाद्या उद्योगात इंटर्नशिप केली तर महिन्याला ५००० रुपये. आयटीआय, पॉलिटेक्निक, नर्सिंग, पॅरामेडिकल, हॉटेल मॅनेजमेंट अशा प्रशिक्षणालाही ५०००. नीट, जेईई किंवा क्लॅट या प्रवेश परीक्षा देऊन प्रवेश मिळवला, तर ५००० ते ८००० निर्वाह भत्ता आणि फी सरकार भरतं. संस्थेत किमान पाच वर्षं राहिल्याची अट आहे. अनाथ आणि परित्यक्त (सोडून दिलेल्या) मुलांना तिच्यातून सूट आहे. म्हणून वर सांगितलेला संस्थेचा दाखला जपून ठेवा.

अर्जाची पावती तारखेसकट घ्या. महिनाभरात हालचाल दिसली नाही, तर मोती तबेल्यातल्या कलेक्टर कार्यालयात मंगळवारी जनसुनवाई (लोकांच्या तक्रारी ऐकण्याची बैठक) असते, तिथे पावतीची झेरॉक्स घेऊन जा, किंवा १८१ वर सीएम हेल्पलाइनला तक्रार नोंदवा. भांडायला जाऊ नका. तिथली माणसं शेकडो फाइलींखाली असतात. मूल समोर उभं राहिलं की फाइलीला चेहरा मिळतो.

पुण्या-नागपूरचे नातेवाईक सांगतील, अनाथांना एक टक्का आरक्षण असतं. ते खरं आहे, पण ते महाराष्ट्र सरकारचं आहे. इंदूरच्या मुलाला त्या आशेवर ठेवू नका.

मुलाचे आई-वडील दोघंही कोविडमध्ये गेले असतील, तर पीएम केअर्स फॉर चिल्ड्रनमध्ये त्याचं नाव आहे का हे आधी विचारा. त्यात १० लाखांचा निधी असतो, १८ ते २३ दरम्यान महिन्याचा भत्ता मिळतो आणि २३ पूर्ण झाल्यावर ती रक्कम हातात येते.

छप्पर

नियमांत सहा ते आठ तरुणांनी मिळून राहायच्या सामूहिक निवासाची तरतूद आहे. सध्या कुठे जागा आहे, हे बाल संरक्षण कक्षात लेखी विचारा. जागा नसेल तर शिक्षण जिथे, तिथलं वसतिगृह ही सगळ्यात सुरक्षित निवड, म्हणून प्रवेशाच्या अर्जातच वसतिगृहाची खूण करा. नोकरी करणाऱ्या मुलीसाठी सखी निवासची चौकशी करा, नोकरदार महिला वसतिगृहांना आता हेच नाव आहे.

उरतात भाड्याच्या खोल्या. भंवरकुआंच्या आसपास कोचिंगवाल्या मुलांमुळे खोल्या भरपूर, पण गर्दी आणि भाडंही तसंच. नंदानगरच्या आयटीआयला जाणाऱ्यानं त्याच बाजूला शोधावं. पीथमपूरला काम लागलं तर रोज इंदुराहून ये-जा करण्यापेक्षा तिथेच दोघा-तिघांनी मिळून राहावं. माझा हिशेब असा: खोलीचं भाडं महिन्याच्या पैशाच्या निम्म्यावर गेलं की मूल जेवणात काटकसर करतं. त्यामुळे एकट्याची खोली पहिल्या वर्षी नकोच. अकरा महिन्यांचा भाडेकरार करा, पुढे पत्ता बदलायला तोच लागतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यातही द्या.

घरमालक पहिला प्रश्न विचारतात, ‘बाबा काय करतात?’ मूल गप्प होतं, आणि खोली हातची जाते. त्या दिवशी तुम्ही बरोबर असा आणि म्हणा, ‘मी याला ओळखते, काही लागलं तर मला फोन करा.’ त्यापलीकडे त्याची कहाणी सांगू नका. ती कुणाला सांगायची, हे तोच ठरवील.

आणि इंदुरातल्या मराठी घरांना माझी कळकळीची विनंती आहे. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर, कितीतरी घरांत मुलं पुण्याला, बंगळुरूला गेलीत आणि वरचा मजला बंद आहे. एक खोली या मुलांना द्या. भाडं जरूर घ्या, फुकट ठेवू नका; भाडं देणारं मूल मान वर करून राहतं.

पहिले सहा महिने

भत्त्याचा पहिला हप्ता उशिरा येतो असं धरूनच चला आणि दोन महिन्यांच्या खर्चाची सोय आधी करा. स्वयंपाकाला पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. संस्थेत पन्नास जणांचा भात एकदम शिजतो, त्यामुळे एकट्यापुरती खिचडी किती घालायची हे कित्येकांना ठाऊक नसतं. बाहेर पडण्याआधी सुट्टीच्या दिवशी घरी बोलवा, भाजी आणायला पाठवा, एटीएमवर न्या.

एक धोका आवर्जून सांगा. ‘तुझं खातं आणि सिम महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो’ असं म्हणणारे लोक अशाच एकट्या मुलांना हेरतात. त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरतात आणि पोलीस येतात ते मुलाच्या दारात. मोबाइलवरच्या झटपट कर्जाचंही तेच.

कामासाठी राज्याची सीखो-कमाओ योजना आहे, २०२३ पासून. वय १८ ते २९. बारावी झालेल्याला महिन्याला ८०००, आयटीआयवाल्याला ८५०० विद्यावेतन. बाल आशीर्वादचा भत्ता चालू असेल तर दोन्ही एकदम चालतील का, हे अर्ज करण्याआधी बाल संरक्षण कक्षात विचारून घ्या.

रविवारचं घर

आमच्याकडे दर रविवारी सकाळी पोहे होतात. खोली सोडून गेलेली मुलगीसुद्धा त्या वेळेला येते, कधी काही सांगते, कधी नुसती पेपर वाचत बसते. दिवाळीत वसतिगृहं रिकामी होतात, तेव्हा चार दिवस कुठे जायचं हा प्रश्न या मुलांना दसऱ्यापासूनच छळत असतो. त्यांना तेव्हाच बोलावून ठेवा, आयत्या वेळी नको.

प्रवेशाच्या, नोकरीच्या, दवाखान्याच्या प्रत्येक अर्जावर ‘आपत्कालीन संपर्क’ असा एक रकाना असतो. मूल अर्ज भरत असताना शेजारी बसा, आणि तो रकाना आला की त्याला विचारून तिथे तुमचं नाव आणि नंबर लिहा.