अम्हारिक शिकताना: प्रत्यय नामाला नाही, विशेषणाला

इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात शिकवायला आले तेव्हा तिथल्या अम्हारिक भाषेची मला फारशी धास्ती नव्हती. क्रियापद मराठीसारखंच शेवटी, विशेषण नामाच्या आधी, आणि लिपीत आपल्या बाराखडीसारखी प्रत्येक अक्षराची सात रूपं. शहराच्या नावातच विशेषण आहे: अद्दिस म्हणजे नवीन, अबेबा म्हणजे फूल. एवढ्या भांडवलावर मी मेर्कातो बाजारात जेबेना घ्यायला गेले. जेबेना म्हणजे कॉफी उकळायची मातीची सुरई.

मला मोठी हवी होती. 'तिल्लिक' म्हणजे मोठं, हे येत होतं. 'तेच ते' असं ठरावीक वस्तूबद्दल बोलताना नामाला 'उ' लागतो, कर्म असेल तर पुढे 'न', हेही पाठ होतं. मराठी सवयीने मी ते सगळं नामाला जोडलं: "तिल्लिक जेबेनाउन." दुकानातल्या आजींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मोठ्या जेबेनावर हात ठेवला आणि विचारलं, "तिल्लिकुन?" नाम त्यांनी उच्चारलंच नाही. 'उ' आणि 'न' दोन्ही विशेषणावर होते!

अम्हारिकच्या विशेषणांची किल्ली हीच. बेत म्हणजे घर, बेतु म्हणजे ते घर. पण आधी विशेषण आलं की 'तिल्लिकु बेत', आणि ते घर पाहिलं म्हणायचं तर 'तिल्लिकुन बेत'. नाम कोरडं राहतं. आपण 'मोठ्या घराला' म्हणतो तेव्हा विशेषण फक्त वाकतं, 'ला' घरालाच लागतो. ही सवय मोडायला मला दोन महिने लागले. रोज दहा वस्तूंकडे बोट दाखवून, नाम न घेता नुसतं विशेषण प्रत्ययासह म्हणायचं, एवढाच सराव मी केला. तुम्हीही तोच करा.

लिंगाचा त्रास आपल्यापेक्षा कमी. 'चांगला, चांगली, चांगलं' असं बहुतेक विशेषणांना करावं लागत नाही. फरक त्या 'उ'मध्ये पडतो: स्त्रीलिंगी असेल तर 'तिल्लिक्वा'. निर्जीव वस्तूही लहान किंवा लाडकी असली की स्त्रीलिंगी होते. हंड्याची हंडी करणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही.

अनेकवचन मात्र मला मनापासून आवडलं. अद्दिसचं 'अदाद्दिस', रेज्जिम (लांब, उंच) याचं 'रेजाज्जिम', अच्चिर (आखूड) याचं 'अचाच्चिर', तिल्लिकचं 'तिलिल्लिक'. शब्दाच्या पोटातलं व्यंजन पुन्हा येतं. आपली 'नवनवीन' आणि 'मोठमोठी' आठवा, कान लगेच तयार होतो. फक्त आपण पुनरुक्ती शब्दाच्या सुरुवातीला करतो, ते मधोमध करतात.

तुलनेसाठी विशेषणाचं वेगळं रूप नाही. आपल्या 'पेक्षा'चं काम 'के' करतो, पण तो नामाच्या आधी लागतो.

एक गोष्ट पुस्तकातून येणार नाही. व्यंजनाचं द्वित्व लिपीत दाखवतच नाहीत. 'गेना' म्हणजे अजून, 'गेन्ना' म्हणजे ७ जानेवारीचा ख्रिसमस, आणि लिहायचं दोन्ही एकसारखंच. तेव्हा एकवचन-अनेकवचनाच्या जोड्या वहीत जरूर उतरवा, पण त्याआधी शेजारच्या कुणाकडून तरी त्या मोठ्याने म्हणवून घ्या.