शिबिर घ्यायचंय? आधी खुर्च्या गोल मांडा

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यात चार्ल्सटनजवळ मी गेली अकरा वर्षं राहते. इथल्या बेटांवरच्या काही कृष्णवर्णीय बायका वस्तीतल्याच माणसांना जमिनीच्या कागदांसाठी तयार करतात: कागद वाचायला, इतरांना वाचून दाखवायला आणि गरज पडली तर काउंटीसमोर, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या कारभाऱ्यांसमोर, उभं राहायला. त्या गटात माझं काम झेरॉक्स काढायचं, पोरं सांभाळायचं आणि शेवटी खुर्च्या घडी करायचं. तिकडून, मायदेशातून, दोघा-तिघांनी विचारलं, हे कसं करता ते लिही. म्हणून लिहितेय.

पहिलं काम माणूस शोधायचं. माइक हातात आला की सोडत नाही, तो नको. वस्तीतल्या सात-आठ घरी जाऊन एवढंच विचारा: सरकारी पत्र आलं तर वाचून घ्यायला कुणाकडे जाता? जे नाव दोनदा-तीनदा येईल ते तुमचं. आमच्याकडे ते नाव निघालं चर्चच्या स्वयंपाकघरात भात रांधणाऱ्या बाईंचं. त्या म्हणाल्या, मला बोलता येत नाही. उत्तम.

ही रीत आमची नाही, इथलीच जुनी आहे. 1950च्या दशकात या राज्यात मतदार व्हायचं तर राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवावा लागे, नाहीतर 300 डॉलरची मालमत्ता दाखवावी लागे. जॉन्स आयलंडवरचे इसॉ जेन्किन्स बेटावरून शहरात बस न्यायचे आणि वाटेत प्रवाशांना तो उतारा शिकवायचे. पुढे शिक्षिका सेप्टिमा क्लार्क आणि टेनेसीतलं हायलँडर फोक स्कूल, म्हणजे कार्यकर्ते घडवणारी शाळा, त्यांच्या मदतीला आले आणि जानेवारी 1957मध्ये एका दुकानाच्या मागच्या खोलीत प्रौढांचा वर्ग सुरू झाला. पुढे किराणा, मागे शाळा, म्हणजे गोऱ्यांचं लक्ष जाऊ नये. शिकवायला बसवलं बर्निस रॉबिन्सन यांना. त्या केस करायच्या, कपडे शिवायच्या. मास्तरीण नाही म्हणूनच निवडलं, कारण मास्तरासमोर मोठी माणसं चुकायला लाजतात.

यात आणखी एक हिशेब होता. रॉबिन्सनबाईंची गिऱ्हाइकं कृष्णवर्णीयच, त्यामुळे कुणी गोरा साहेब त्यांना कामावरून काढू शकत नव्हता. क्लार्क शाळेत शिकवायच्या. एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेचं सभासदत्व सोडायला नकार दिला म्हणून 1956मध्ये त्यांची नोकरी गेली. तेव्हा ज्याला पुढे करताय त्याचं पोट कुणाच्या हातात आहे, ते आधी बघा. ज्याच्या घरभाड्याची पावती विरोधी माणूस फाडतो, त्याला पहिल्याच महिन्यात व्यासपीठावर ढकलू नका.

पहिल्या संध्याकाळी अभ्यासक्रम न्यायचा नाही. मी नेला होता. चौतीस स्लाइड, रंगीत नकाशे. लोक ऐकत होते आणि दारात ठेवलेल्या केककडे बघत होते. दुसऱ्या आठवड्याला अर्धी माणसं आली. रॉबिन्सनबाईही पहिल्या दिवशी लहान मुलांच्या वर्गातलं साहित्य घेऊन गेल्या होत्या. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? लोकांना आपलं नाव लिहायचं होतं, मनीऑर्डर भरायची होती, बायबल वाचायचं होतं. वर्ग तिथून सुरू झाला.

आम्हीही विचारलं. एका आजोबांनी खिशातून कराची पावती काढली. नाव होतं त्यांच्या पणजोबांचं. मी तलाठ्याची मुलगी, मला एकदम घरचं दुखणं दिसलं. वारसनोंद झालेली नाही, मृत्युपत्र नाही, जमीन चाळीस जणांची, आणि त्यातले निम्मे न्यूयॉर्कला. यातल्या एकाचा हिस्सा बाहेरच्या माणसाने घ्यायचा, मग कोर्टात वाटप मागायचं, वाटप जमत नाही म्हणून सगळ्या जमिनीचा लिलाव. गुलामगिरीनंतर कृष्णवर्णीयांनी घेतलेल्या कितीतरी जमिनी अशाच गेल्या.

आता आमचा वर्ग त्या पावतीवरूनच सुरू होतो. भिंतीवर तपकिरी कागद चिकटवतो आणि प्रत्येक जण आपली वंशावळ काढतो. यात दोन संध्याकाळी जातात, जाऊ द्या. मध्येच कुणी रडतं, कुणी सावत्र भावाचं नाव खोडतं, शेजारीण ते पुन्हा लिहायला लावते. ते नाव पुन्हा लिहायला लावणारी शेजारीण नीट बघून ठेवा. पुढचा वर्ग तीच घेणार.

मग कायदा. आधी सांगितला तर कुणाला लागत नाही. 2016मध्ये राज्याने नवा कायदा केला. बाहेरच्याने वाटपाचा दावा लावला तर आधी जमिनीची किंमत ठरवायची आणि घरच्यांना तो हिस्सा विकत घेण्याची पहिली संधी द्यायची. त्याला नाव आहे सिनेटर क्लेमेंटा पिंकनी यांचं. 2015मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये ज्या नऊ जणांना गोळ्या घातल्या, त्यांतले ते एक. कायदा चांगला आहे, पण नोटीस न उघडता ड्रॉवरमध्ये पडली तर मुदत निघून जाते. म्हणून गल्लीत एक तरी पत्र वाचणारी हवी.

काउंटीच्या सभेत बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. अंडी उकडताना लावतात तो टायमर लावून सराव करा. सरावात मी काउंटीची कारकून बनते आणि मुद्दाम मध्येच टोकते. पहिलं वाक्य आपल्या गल्लीचं, शेवटचं मागणीचं. मागणी एकच ठेवा.

पाचव्या संध्याकाळी शिकवणाऱ्याने गोलाच्या मागे जाऊन बसायचं. बोलायचं नाही, चुकलं तरी. मला हे अजून जमत नाही. परवा भातवाल्या बाईंनी नुसत्या डोळ्यांनी गप्प केलं.

परतीचा प्रवासही शिबिरातच धरा. कृष्णवर्णीयांच्या मतहक्कासाठी लढणाऱ्या फॅनी लू हॅमर जून 1963मध्ये चार्ल्सटनच्या अशाच शिबिरातून मिसिसिपीला परतत होत्या. विनोना गावात त्यांना पकडलं आणि तुरुंगात बेदम मारलं. आज आमच्याकडे कोण कुणाच्या गाडीत, घरी पोचल्याचा फोन कुणाला करायचा, हे फळ्यावर लिहिल्याशिवाय कुणी उठत नाही.

आणि जेवण. टोमॅटोतला लाल भात आधी वाढा, कागद नंतर काढा. मुलांना शेजारच्या खोलीत ठेवा, दार उघडं ठेवून. खुर्च्या गोल.