पाळीच्या पोटदुखीवर उपाय: गोळीची वेळ, शेकण्याची रीत आणि डॉक्टरांकडे कधी जावे

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या औषधांच्या दुकानात संध्याकाळी क्लास सुटल्यावर येणाऱ्या मुलींपैकी एखादी काउंटरच्या कडेला थांबते, बाकीची गिऱ्हाइके जाईपर्यंत वाट पाहते आणि मग हळूच म्हणते, "पोटात दुखायलंय, एक गोळी द्या." तोवर दुखणे सुरू होऊन चार-पाच तास झालेले असतात आणि दुपारचा डबा न उघडताच परत आलेला असतो. पाळीच्या दुखण्यात सर्वांत जास्त होणाऱ्या दोन चुका याच आहेत: गोळी उशिरा घेणे आणि उपाशीपोटी घेणे.

उशीर का नडतो, हे समजायला दुखण्याचे कारण माहीत हवे. पाळी येताना गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळला जातो, त्याला होणारा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता घटतो आणि ओटीपोटात कळा येऊ लागतात, ज्या पुढे कंबरेत आणि मांड्यांत उतरतात. हीच रसायने आतड्यांनाही चाळवतात, त्यामुळे काहींना पहिल्या दिवशी मळमळते किंवा जुलाब होतात. घरचे मात्र आदल्या दिवशीच्या मिसळीला दोष देऊन मोकळे होतात. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड ही औषधे या रसायनांची निर्मिती रोखतात. जी आधीच तयार झाली आहेत, त्यांच्यावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. म्हणून पहिली कळ येताच किंवा पहिला डाग दिसताच, चार घास खाऊन गोळी घ्यावी आणि दुखणे परत वाढण्याची वाट न पाहता पहिला दीड-दोन दिवस ठरलेल्या अंतराने ती चालू ठेवावी.

प्रौढ स्त्रीसाठी आयबुप्रोफेनची नेहमीची मात्रा 400 मिलिग्रॅम असते. दोन गोळ्यांत सहा ते आठ तासांचे अंतर हवे आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दिवसभरात 1200 मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये. शाळकरी मुलींची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. मेफेनॅमिक ॲसिड आणि डायसायक्लोमिन यांची एकत्र गोळी आपल्याकडे घरोघरी माहीत असली, तरी ती चिठ्ठीवर द्यायची गोळी आहे. 30 नोव्हेंबर 2023 रोजी भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक ॲसिडबाबत एक इशारा दिला होता: क्वचित कोणाला या औषधाची तीव्र प्रतिक्रिया येऊन अंगावर पुरळ, ताप आणि गाठींना सूज अशी लक्षणे दिसतात, आणि तीही कधी कधी काही आठवड्यांनी. असे काही दिसल्यास गोळी बंद करून लगेच डॉक्टरांना गाठावे. पट्टीतून एकच गोळी कापून नेण्याची सवयही सोडावी, कारण औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख बहुतेक वेळा उरलेल्या तुकड्यावर राहते. मग घरी तीच गोळी आणि त्याच जातीची दुसऱ्या नावाची गोळी एकापाठोपाठ घेतली जाते.

पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, ॲस्पिरिनची ॲलर्जी, वेदनाशामकाने वाढणारा दमा, रक्त पातळ करणारी औषधे किंवा गर्भधारणेची शक्यता, यांपैकी काहीही असेल तर या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. पावसाळ्यात ताप असताना पाळी आली, तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंतही त्या टाळाव्यात, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. अशा वेळी पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित असते, मात्र कळांवर त्याचा गुण कमी येतो.

गोळी घ्यायची नसेल किंवा तिच्या जोडीला काही हवे असेल, तर शेक हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे आणि त्याला पुराव्याचाही आधार आहे. रबरी पिशवी दोन तृतीयांशच भरावी. पाणी कडकडीत नव्हे, तर हात क्षणभर ठेवता येईल इतपत गरम असावे. तोंड वर धरून पिशवी हलकेच दाबली की आतली हवा निघून जाते. मग बूच घट्ट लावून ती एकदा उलटी करून पाहावी आणि पंच्यात गुंडाळून ओटीपोटावर पंधरा-वीस मिनिटे, त्यानंतर कंबरेवर ठेवावी. ती पोटावर ठेवून झोपी जाऊ नये. पिशवी नसल्यास तव्यावर जाडे मीठ गरम करून सुती फडक्यात पुरचुंडी बांधावी आणि ती आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावी. केएमटीच्या बसने कॉलेजला जाणाऱ्या मुलींसाठी कपड्यावर चिकटवायच्या गरम पट्ट्याही मिळतात.

व्यायामाचा गुण महिनाभर केला तर येतो. आठवड्यातून तीनदा पाऊण तास रंकाळा तलावाकाठी भरभर चालले, तरी पुढच्या काही पाळ्यांत फरक जाणवू शकतो. तालमीत किंवा मैदानावर सराव करणाऱ्या मुलीला झेपत असेल, तर पाळीत तो थांबवण्याचे कारण नाही. सुंठीवर लहान चाचण्या झाल्या आहेत. पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत रोज 750 ते 2000 मिलिग्रॅम सुंठ पूड घेतल्याने काहींना आराम पडला. गूळ आपल्या गावचा, त्याच्या बाजूने बोलायला मला आवडले असते, पण तो सुंठीचा तिखटपणा घालवतो एवढेच.

"लग्न झालं की थांबतंय बघ" हा सल्ला मात्र धोक्याचा आहे. योग्य वेळी, योग्य मात्रेत गोळी घेऊनही दोन-तीन पाळ्यांत आराम पडत नसेल, दुखणे दर महिन्याला वाढत असेल, रक्तस्राव थांबल्यावरही राहत असेल, शरीरसंबंधाच्या किंवा शौचाच्या वेळी दुखत असेल, किंवा पंचविशी-तिशीनंतर नव्याने सुरू झाले असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. प्रजननक्षम वयातल्या साधारण दहापैकी एका स्त्रीला एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा विकार) असतो आणि त्यात सोनोग्राफी पुष्कळदा स्वच्छ येते. तेवढ्यावरून 'काही नाही' असे समजू नये. गर्भाशयातल्या गाठी किंवा जंतुसंसर्ग हेही कारण असू शकते. पाळी नियमित करणाऱ्या हार्मोनच्या गोळ्यांनीही कळा कमी होतात. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

तासाला एक पॅड भिजून दोन तास तसेच चालू राहिले, दुखण्यासोबत ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव असला, अथवा पाळी चुकलेली असताना एका बाजूला जोराचे दुखून चक्कर आली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय किंवा जवळचे दुसरे रुग्णालय गाठावे. शेवटच्या प्रकारात गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत राहिल्याची शंका असते.

एरवी तपासणीला जाताना भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे दोन-तीन महिने सोबत न्यावेत. त्यांवर पाळीची तारीख, दुखायला लागल्याची वेळ, कोणती गोळी किती वाजता घेतली आणि त्या दिवशी कॉलेज किंवा काम बुडाले का, एवढे पेन्सिलीने लिहिलेले असावे.